नाचणी सत्त्व: हाडांसाठी घेताय, तर पिशवीची मागची बाजू वाचा

हाडं ठिसूळ झालेल्यांना हमखास सुचवलं जाणारं हे पीठ चवीला छान, पचायला हलकं. पण वस्त्रगाळ सत्त्व हाडांसाठी विकत घ्यावं असं आम्हाला वाटत नाही. नाचणीचं कॅल्शियम बरंचसं सालीत असतं. भिजवून, वाटून, गाळून चोथा टाकला की उरतो मुख्यतः स्टार्च. त्यापेक्षा मोड आणून सालासकट दळलेलं पीठ घ्या.

तेही एकटं पुरत नाही, कारण हाडांना प्रथिनंही लागतात. अख्ख्या नाचणीत १०० ग्रॅममागे साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि जेमतेम ७ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे २५ ग्रॅमच्या वाटीभर पेजेत प्रथिनं २ ग्रॅमसुद्धा नाहीत! वयस्कर माणसाला वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम लागतात; ५५ किलोला ५५ ते ६६ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावं.)

पीठ गार पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या होतात. मंद आचेवर पाच-सहा मिनिटं शिजवा. उतरवल्यावर १५ ग्रॅम स्निग्धांशविरहित दूध पावडर थोड्या कोमट पाण्यात घोळवून मिसळा: सुमारे ५ ग्रॅम प्रथिनं वाढतात. आधी घातली तर तळाला लागते.

आणि अॅलेन्ड्रोनेटची (ठिसूळ हाडांसाठी डॉक्टर देतात ती) गोळी असेल त्या सकाळी घाई नको. ती उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची, नंतर किमान अर्धा तास काही खायचं नाही आणि आडवंही व्हायचं नाही. दुधातलं कॅल्शियम गोळी शोषू देत नाही, म्हणून त्या दिवशी पेज संध्याकाळी घ्या.