टेलिमानस १४४१६: लेकरासाठी फोन लावला, त्याचा अनुभव

पाचपैकी पाच. पण काय अपेक्षा ठेवून फोन लावायचा ते आधी समजून घ्या, नाहीतर उगा नाराज व्हाल.

१४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारचा नंबर, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, रात्री दोनला लावला तरी चालतो. आमच्याकडं लोकांना वाटतं हे येड्या माणसांसाठीच असतंय म्हणून मुद्दाम लिहितोय.

भाचा पाचवीला. अक्का-दाजी कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जायचे, पोरगं आजीजवळ. मागच्या हंगामात दाजी साखर कारखान्याकडंच ट्रॅक्टरखाली येऊन वारले. तेव्हापासून शाळेची वेळ झाली की पोरगं पोट धरून बसायचं आणि शाळा भरली की ठणठणीत. सोनोग्राफी झाली, जंताच्या गोळ्या झाल्या, कोणी म्हणलं बाहेरचं आहे तर उतारापण झाला. रात्री अंथरूण ओलं करायलं, त्यावर चुलत्याचं सगळ्यांसमोर चिडवणं वेगळंच. शहरातल्या एका खाजगी सेंटरला नेलं तर तिथल्या सरांनी मोबाईल कमी द्या एवढं लेक्चर दिलं आणि सेशनचं पॅकेज समोर ठेवलं. ज्या घरात एकच साधा फोन आहे त्या घराला मोबाईलचं लेक्चर! (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, सरकारी संस्था) रजिस्ट्रेशन विचारा, लाजू नका.)

मग शाळेतल्या मॅडमनी हा नंबर दिला. आधी रेकॉर्ड वाजतं, भाषा निवडायची, मराठी आहे, मग माणूस बोलतं. मला वाटलं पोराला फोनवर घेऊन समजावतील, बाळा शाळेत जा वगैरे. तसलं काहीच नाही. फोनवरच्या ताईंनी आधी अक्कालाच बोलतं केलं, झोप लागते का, जेवता का, जीव द्यावा असं मनात येतं का हेपण सरळ विचारलं, मी चपापलोच, पण अक्का त्या दिवशी मोकळी रडली. मग पोराकडं आल्या. म्हणाल्या ते नाटक करत नाही, पोट खरंच दुखतं, भीतीनं दुखतं. बाबा गावाला गेलेत असं फिरवून सांगू नका, वारले असंच सांगा, विचारील तितक्यांदा सांगा. अंथरुणावरून रागवायचं नाही आणि चिडवणाऱ्याला गप करायचं. शाळेत थोडा वेळच बसू द्या पण रोज पाठवा. आणि आईनं कुठंही निघताना त्याला सांगून निघायचं, कधी येणार तेपण, कारण बाप गेला तो आलाच नाही. हे शेवटचं लई बारीक होतं, घरात कुणाच्या ध्यानात आलं नसतं. आता अक्का दळणाला निघाली तरी "चक्कीवर चालले रे, भाकरीच्या टायमाला येते" म्हणते आणि येतेच.

अंथरूण आता क्वचितच. पोट सोमवारी अजून दुखतं. एवढ्या लहान लेकराला समोर बसवून, खेळवून, चित्रं काढायला लावून बघावं लागतं, ते फोनवर होत नाही, त्या ताईनीच जिल्ह्याच्या दवाखान्यात मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडं न्यायला सांगितलं.

पैशाचं वेगळं बघावं लागतं. बाल संगोपन योजनेत बाप किंवा आई गेलेल्या लेकराला महिन्याला २२५० रुपये आहेत, १८ वर्षांपर्यंत, फॉर्म जिल्हा महिला व बालविकासच्या ऑफिसला. मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाईड आधीच काढून ठेवा. आम्ही भरलाय. पण ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अजून फिटली नाही, मुकादमाची गाडी वाजली की पोरगं कॉटखाली जातं, त्याला कोणतं काउन्सेलिंग करणार सांगा.

कुठं लेकराला मारहाण चालू असेल, बालविवाह ठरत असेल तर १४४१६ नाही, लेकरांच्या मदतीचा १०९८ लावा. आणि फोन घरात बसून करू नका, शेताकडं जा, घरात सगळे कान टवकारून बसतात आणि बाई माणूस बोलतच नाही.