भरती अकॅडमी: ग्राऊंड चांगलं, रात्रीचा तास त्याहून भारी

बीडकडच्या एका भरती अकॅडमीत पुतण्या अग्निवीरची (सैन्यातली 4 वर्षांची भरती) तयारी करतोय म्हणून लिहितो. 1600 मीटर रनिंग, बीम (पुलअप्स), 9 फुटी खड्डा हे सगळीकडंच असतंय, इथं नीट करून घेतात. पण मला भावला तो रात्रीचा तास, रिटायर सुभेदार साहेब घेतात. मी गेलो तवा 1962 चं चीन युद्ध चाललेलं, एक पोरगं उठून म्हणलं, सर चुकलं सरकार, मग मरायचं जवानानं काऊन? साहेबांनी त्याला गप नाही केलं. म्हणले, खरंय बाळा, तयारी नव्हती, थंडीचे कपडे धड नव्हते, कृष्ण मेनन यांना संरक्षण खातं सोडावं लागलं न् आपले यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले, जाब विचारायलाच पाहिजे. पण 18 नोव्हेंबरला लडाखमधल्या रेजांग ला खिंडीत मेजर शैतान सिंग यांच्या कंपनीवर चिनी चालून आले तवा मागं चुशूल गाव होतं, तिथं चूक कुणाची हे बघत बसायचं का? जवळपास सगळी कंपनी तिथंच पडली. सगळा हॉल चिडीचूप.

आमच्या भागात निजामाच्या काळातल्या रझाकारांच्या गोष्टी घराघरात आहेत, त्यामुळं पोरांना हे लगेच भिडतं. नुसत्या घोषणा देऊन घेणाऱ्या अकॅडम्या लई बघितल्या, त्यापेक्षा हे शंभरपट बरं.

तक्रार एकच, 4 वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्केच पोरं कायम होतात हे ॲडमिशनच्या वेळीच आईबापांना स्पष्ट सांगा. आणि मेसमधलं वरण जरा घट्ट करा, लेकरं पळून पळून येतात.