चार लिनक्स मशिन, चार पायथन: जुळवून घ्यायचं की कंटेनर?

डेबियन आणि उबंटू हे लिनक्सचे प्रकार, आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. डेबियन ११ वर पायथन ३.९, उबंटू २२.०४ वर ३.१०, डेबियन १२ वर ३.११ आणि उबंटू २४.०४ वर ३.१२. आता एकच स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) या चारही मशिनवर चालवायची आहे.

पहिला मार्ग म्हणजे सगळ्यांत जुन्या आवृत्तीला धरून लिहायचं. मग ३.१० मध्ये आलेलं 'मॅच' (अनेक पर्यायांतून जुळणारा निवडायची रचना) वापरायचं नाही आणि ३.११ मधलं 'टॉमललिब'ही (टॉमल फाइल वाचणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोड) विसरायचं. उलट बाजूनेही चटका बसतो: ३.९ वर मुकाट चालणारं 'डिस्टयुटिल्स' (पॅकेज बनवायचं-बसवायचं साधन) ३.१२ मधून काढूनच टाकलंय. म्हणजे जुन्याला सांभाळताना नव्यावरही डोळा ठेवावा लागतो. पण वेगळं काही बसवावं लागत नाही आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या नेहमीच्या 'ॲप्ट अपग्रेड'बरोबर (सिस्टिम अद्ययावत करणारी कमांड) येतात.

दुसरा मार्ग कंटेनरचा: प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एका डब्यात घालून चालवायचं. त्यासाठीची साधनं म्हणजे डॉकर किंवा पॉडमन. पायथन ३.१२ ची एकच इमेज (त्या डब्याचा साचा) बनवली की चारही ठिकाणी तेच वातावरण. ऐकायला झकास! मात्र होस्टवर (म्हणजे मूळ मशिनवर) केलेलं अपग्रेड इमेजच्या आत शिरत नाही. ती वेळोवेळी नव्याने बांधावी लागते, आणि हे काम हमखास राहून जातं. शिवाय कर्नल (सिस्टिमचा गाभा) होस्टचाच असतो, त्यामुळे तो फरक तसाच उरतो.

बॅकअप किंवा लॉग साफ करणाऱ्या पन्नास ओळींसाठी मी पहिलाच मार्ग धरतो. तेवढ्यासाठी कंटेनर म्हणजे उगाच हत्ती पोसणं. बाहेरच्या दहा-पंधरा लायब्ररी लागणारं ॲप असेल तर मात्र सरळ कंटेनर.