सिकलसेल तपासणी (नंदुरबार जिल्हा, सरकारी दवाखाना): समजावून सांगणं एक नंबर

भाचीचं लग्न जमत आलंय म्हणून तिला आणि मुलाला सोबतच तपासणीला नेलं. एक रुपया लागला नाही, गर्दी होती पण नंबर लवकर लागला. लॅबवाल्या दादांनी सगळं आमच्यासमोरच केलं, नळीतल्या औषधात रक्ताचा थेंब टाकला आणि मागे काळ्या रेघांचा कागद धरला, रेघा आरपार दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळ होऊन झाकल्या तर पॉझिटिव्ह. मुलाच्या नळीतून रेघा दिसल्या, भाचीच्या नाही. पोरीचा चेहराच उतरला.

पण तिथल्या समुपदेशन करणाऱ्या ताईंना मानलं. आमच्याकडे सिकलसेल हे नाव घरोघरी ऐकलेलं असतं पण म्हणजे काय हे सांगत कोणीच नाही, अजूनही काही जण बाहेरची बाधा समजून भगताकडे जातात. ताईंनी आधी नावच फोडून सांगितलं, सिकल म्हणजे विळा, रक्तातल्या गोल लाल पेशी वाकून विळ्यासारख्या होतात, बारीक नसांत अडकतात म्हणून सांधे ठणकतात, आणि साधी पेशी १२० दिवस टिकते तिथे ही १०-२० दिवसांत फुटते म्हणून रक्त कमी पडतं. हे सगळं अहिराणीत, त्यामुळे ताईलापण, म्हणजे भाचीच्या आईला, सगळं कळलं.

मला हे नाव एवढं आवडलं की मी नंतर अजून वाचलं. शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तातल्या लांबट, विळ्याच्या आकाराच्या पेशींबद्दल पहिल्यांदा लिहिलं, पण आजाराला नाव दिलं नव्हतं, 'सिकल सेल ॲनिमिया' हे नाव व्हर्न मेसन यांनी १९२२ मध्ये वापरलं. ॲनिमिया मूळ ग्रीक, रक्त नसणं. दिसतं काय आणि होतं काय, दोन्ही नावातच!

हा आजार आई-बापाकडून पोरांत येतो, आणि या नळीच्या तपासणीत पॉझिटिव्ह आलं तरी आजार आहे की नुसता वाहक ते कळत नाही. भाची वाहक असेल (एएस, म्हणजे दोष एकाच पालकाकडून आलेला) आणि मुलगा खरंच निगेटिव्ह असेल तर पोरांना आजार (एसएस, दोष दोघांकडून आलेला) होणार नाही, फार तर वाहक होतील. दोघंही वाहक असते तर प्रत्येक बाळंतपणात २५ टक्के धोका. पक्कं निदान इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणाऱ्या लॅब तपासण्यांनी होतं.

एक स्टार कमी, कारण समुपदेशनाचं टेबल व्हरांड्यात आहे, पोरीचा रिपोर्ट अख्खी रांग ऐकते, निदान पडदा तरी लावा. पक्का रिपोर्ट यायला वेळ लागतो, लग्नाची तारीख धरायच्या बऱ्याच आधी जा आणि दोघांनीही जा.