मेकॅमिलामाइन : आठ महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापुरातील आमच्या प्रयोगशाळेत गेले आठ महिने मी मेकॅमिलामाइन हायड्रोक्लोराइड हे निकोटिनिक ग्राही (चेतापेशींवरील ज्या प्रथिनांना निकोटीन चिकटते ती) अडवणारे द्रव्य वापरतो आहे. निकोटीन टोचलेला उंदीर तापलेल्या किरणाखालून शेपटी उशिरा काढतो, आणि ही वेदनाशामक क्रिया निकोटिनिक ग्राहींमार्फत घडते की नाही, हे तपासणे एवढाच आमचा प्रश्न आहे. प्राणी नैतिकता समितीची परवानगी आधीच घेतलेली होती.

पांढरी भुकटी सलाइनमध्ये लगेच विरघळते, हे मोठे सुख. दर किलो वजनाला 1 मिलिग्रॅम या मात्रेने, निकोटीनच्या दहा मिनिटे आधी त्वचेखाली दिल्यास शेपटी पुन्हा नेहमीच्या वेळेत हलते. हे द्रव्य निकोटीनशी जागेसाठी झगडत नाही, तर ग्राहीची आयनवाहिनीच बुजवते. त्यामुळे निकोटीन वाढवून हा अडथळा सहजी उठत नाही.

सुरुवातीला मात्र आम्ही फसलो, आणि चूक आमचीच होती. निकोटीन टार्ट्रेट क्षाराच्या रूपात आले होते. मात्रा बेसची (म्हणजे नुसत्या निकोटीनची) आणि तोललेला क्षार, असा घोळ झाल्याने उंदरांना ठरल्याच्या जेमतेम एकतृतीयांश निकोटीन मिळत होते. अडवायलाच काही नसताना आम्ही अडथळा मोजत बसलो होतो! मेकॅमिलामाइनच्या बाबतीत हा फरक लहान असतो, 1 मिलिग्रॅम बेससाठी सुमारे 1.22 मिलिग्रॅम हायड्रोक्लोराइड लागते, पण तोही वहीत लिहून ठेवावा.

मेकॅमिलामाइनची खरी किंमत कळली ती हेक्सामेथोनियम हे दुसरे अडवणारे द्रव्य शेजारी ठेवल्यावर. हे मुळात 1950च्या दशकात उच्च रक्तदाबावर आलेले औषध. ते मेंदूत शिरते, तसेच स्वायत्त चेतासंस्थेतील गंडिकाही (चेतापेशींचे पुंजके) बंद करते. त्या काळच्या रुग्णांना बद्धकोष्ठ आणि उभे राहताच चक्कर येण्याचा त्रास होई तो यामुळेच. आमच्या उंदरांच्या बाहुल्या विस्फारलेल्या दिसत आणि पिंजऱ्यात लेंड्याही कमी पडत. हेक्सामेथोनियम गंडिका अडवते, पण त्याच्या रेणूवरील कायम विद्युतभारामुळे ते मेंदूत फारसे पोचत नाही. त्याने निकोटीनमुळे लांबलेल्या शेपटीच्या वेळेत फरक पडला नाही, तेव्हाच परिणाम मध्यवर्ती चेतासंस्थेतला आहे असे म्हणण्याचे धाडस मला झाले. एकट्या मेकॅमिलामाइनच्या आधारे असा निष्कर्ष काढलेला लेख मी आता संशयानेच वाचतो.

त्याची मोठी उणीव म्हणजे ते ग्राहींचे प्रकार ओळखत नाही. ग्राहीचा प्रकार अल्फा-7 की अल्फा-4 बीटा-2, हा प्रश्न असेल तर ते-ते प्रकार निवडून अडवणाऱ्या अनुक्रमे मिथाइललायकाकोनिटीन आणि डायहायड्रो-बीटा-एरिथ्रॉयडीन यांच्याकडे जावे लागते, आणि ती दोन्ही आमच्या अनुदानाच्या मानाने महाग आहेत. शिवाय मात्रा वाढवली की ते एनएमडीए ग्राहींनाही (ग्लुटामेट या वेगळ्याच चेतारसायनाचे ग्राही) अडवू लागते, म्हणून आम्ही 1 मिलिग्रॅमच्या वर गेलो नाही.

250 ग्रॅमच्या उंदरांसाठी 100 मिलिग्रॅमची कुपी तीनशेहून अधिक मात्रांना पुरते, त्यामुळे खर्चाची तक्रार नाही. पावसाळी दमटपणात कुपी सिलिका जेलसह बंद बरणीत ठेवतो आणि द्रावण रोज ताजे करतो. पंचगंगेला पूर येऊन महामार्ग बंद पडला की पार्सल वाटेतच अडकते, म्हणून पुढच्या कुपीची मागणी यंदा मे महिन्यातच नोंदवली आहे.