खासदारांच्या वर्तनाची चौकशी कोणी करावी: सभागृहाच्या समितीने की स्वतंत्र आयुक्ताने?

८ डिसेंबर २०२३ रोजी दुपारी १२ च्या सुमारास लोकसभेच्या नीतिमत्ता समितीचा जवळपास ५०० पानांचा अहवाल पटलावर आला, २ वाजता त्यावर चर्चा सुरू झाली आणि त्याच दिवशी पश्चिम बंगालमधील कृष्णनगरच्या खासदार महुआ मोईत्रा यांचे सदस्यत्व, पैसे घेऊन सभागृहात प्रश्न विचारल्याच्या आरोपावरून, आवाजी मतदानाने संपुष्टात आले. अहवाल वाचण्यासाठी किमान तीन-चार दिवस द्यावेत, ही विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. ज्यांच्यावर आरोप होते त्यांना सभागृहात बोलूही दिले गेले नाही, आणि त्यासाठी २००५ च्या अशाच प्रकरणाचा दाखला देण्यात आला. तेव्हापासून एक मागणी वारंवार पुढे येते: खासदारांची चौकशी खासदारांकडून काढून घ्यावी आणि ब्रिटनप्रमाणे स्वतंत्र आयुक्ताकडे सोपवावी. या मागणीच्या निवेदनावर सही करावी की नाही, असा प्रश्न ज्यांच्यापुढे आहे, त्यांच्यासाठी दोन्ही पद्धती येथे शेजारी शेजारी ठेवल्या आहेत.

आधी आपली पद्धत पाहू. राज्यसभेत नीतिमत्ता समिती १९९७ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष शंकरराव चव्हाण होते. लोकसभेत २००० मध्ये हंगामी समिती आली आणि २०१५ मध्ये ती कायमस्वरूपी झाली. लोकसभेच्या समितीत १५ सदस्य असतात, ते सर्व खासदार असतात, आणि सभागृहात ज्या पक्षाचे बहुमत असते त्याचेच समितीतही असते. सामान्य नागरिकाला तक्रार करता येते, परंतु ती एखाद्या खासदारामार्फत पाठवावी लागते. सुनावणी बंद दाराआड होते आणि अहवाल पटलावर येईपर्यंत साक्षीपुरावे गोपनीय राहतात.

ब्रिटनमध्ये १९९४ साली पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचे प्रकरण वृत्तपत्राने उघड केले, त्यातून सार्वजनिक जीवनातील आचरण तपासणारी नोलन समिती नेमली गेली आणि १९९५ मध्ये संसदीय आचरण आयुक्त हे पद निर्माण झाले. आयुक्त खासदार नसतो, त्याची मुदत पाच वर्षांची असते आणि पुन्हा नेमणूक होत नाही, त्यामुळे कोणाला खूश ठेवण्याचे त्याला कारण उरत नाही. तो तपास करतो आणि गंभीर प्रकरण आचरण समितीपुढे ठेवतो. त्या समितीत सात खासदार आणि सात खासदार नसलेले नागरिक असतात, आणि २०१९ पासून या नागरिकांनाही मताचा अधिकार आहे. शिक्षेवर शेवटचे मत मात्र तेथेही सभागृहच देते. आयुक्त आला म्हणजे राजकारण बाहेर गेले, असे मानणाऱ्यांनी हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे.

कारण ब्रिटनच्या पद्धतीची खरी कसोटी याच वाक्यावर लागली. ओवेन पॅटरसन हे तेव्हाच्या सत्ताधारी हुजूर पक्षाचे ज्येष्ठ खासदार रॅन्डॉक्स आणि लिन्स कंट्री फूड्स या दोन कंपन्यांचे सल्लागार होते, आणि त्यासाठी त्यांना वर्षाला एक लाख पौंडांहून अधिक मानधन मिळत होते. या कंपन्यांसाठी त्यांनी सरकारी खात्यांकडे आणि यंत्रणांकडे रदबदली केली, असा निष्कर्ष आयुक्त कॅथरीन स्टोन यांनी काढला. २६ ऑक्टोबर २०२१ रोजी समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यात ३० बैठकांसाठी निलंबनाची शिफारस होती. ३ नोव्हेंबरला सरकारने आपल्या खासदारांना पक्षादेश काढला आणि शिक्षा रोखून चौकशीची पद्धतच बदलण्याची दुरुस्ती २५० विरुद्ध २३२ मतांनी मंजूर करून घेतली. म्हणजे बहुमताने स्वतंत्र आयुक्ताचा निष्कर्षही बाजूला सारला. परंतु दुसऱ्याच दिवशी सरकारला माघार घ्यावी लागली, पॅटरसन यांनी राजीनामा दिला, आणि १६ डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या नॉर्थ श्रॉपशायर मतदारसंघाची ती पिढ्यान्‌पिढ्यांची सुरक्षित जागा सत्ताधारी पक्षाच्या हातून गेली.

ही माघार कशामुळे घडली? माझ्या मते ती केवळ आयुक्ताच्या स्वातंत्र्यामुळे घडली नाही. मतदानाच्या आठ दिवस आधीपासून अहवाल सर्वांच्या हातात होता. कोणत्या कंपनीने पैसे दिले, किती दिले, खासदाराने कोणत्या खात्याला काय लिहिले, हे पत्रकारांनी आणि मतदारांनी वाचलेले होते. शिवाय ब्रिटिश खासदारांच्या आर्थिक हितसंबंधांची नोंदवही अधिवेशनकाळात साधारण दर पंधरवड्याला प्रसिद्ध होते. तिच्यात पैसे देणाऱ्याचे नाव, रक्कम आणि तारीख असते, आणि नवीन हितसंबंध २८ दिवसांत नोंदवावा लागतो. एखाद्या खासदाराची चौकशी सुरू असेल तर त्याचे नाव आणि विषयही आयुक्त जाहीर करतो. वाचून बसलेल्या लोकांसमोर बहुमत वापरणे कठीण जाते.

आपल्याकडे या बाबतीत दोन सभागृहांतही फरक आहे. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही नियमानेच ठेवली जाते आणि तिच्यात संचालकपद, सल्लागाराचे मानधन, कंपनीतील बहुसंख्य भाग अशा बाबी येतात. लोकसभेत २००४ च्या नियमांनुसार मालमत्ता आणि देणी जाहीर करावी लागतात, पण हितसंबंधांची तशी नोंदवही नाही. ही उणीव मला अतिशय गंभीर वाटते. प्रश्न विचारणाऱ्या सदस्याचा त्या विषयात आर्थिक संबंध आहे का, हे प्रश्न विचारला जातानाच कळावे, वर्षभराने तक्रार झाल्यावर नव्हे.

वेगाच्या दृष्टीने पाहिले तर चित्र उलटे दिसते. पॅटरसन यांची चौकशी सुमारे दोन वर्षे चालली, त्या काळात त्यांच्या पत्नीचे निधन झाले, आणि आपल्या साक्षीदारांना प्रत्यक्ष ऐकून घेतले नाही, अशी त्यांची तक्रार होती. वरच्या पातळीवर दाद मागण्याची नीट सोय नसल्याची टीका तेव्हा झाली, ती अगदीच निराधार नव्हती. २०२२ मध्ये अपील स्वतंत्र तज्ज्ञ मंडळाकडे नेण्याची तरतूद झाली. आपल्याकडे २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेणाऱ्या खासदारांचे छुप्या कॅमेऱ्याचे चित्रण १२ डिसेंबरला प्रसारित झाले आणि २३ डिसेंबरला दोन्ही सभागृहांतील मिळून ११ खासदारांची हकालपट्टी झाली. त्यांत जळगाव आणि एरंडोलचे खासदारही होते. मोईत्रा प्रकरणात तक्रार १५ ऑक्टोबरची, समितीने अहवाल ९ नोव्हेंबरला सहा विरुद्ध चार मतांनी स्वीकारला आणि निकाल ८ डिसेंबरला लागला. संसदेच्या संकेतस्थळावर प्रश्न नोंदवण्याचे आपले लॉगिन दुसऱ्याला दिल्याचे त्यांनी मान्य केले होते, पैसे घेतल्याचे नाकारले होते, आणि ज्या उद्योजकाच्या प्रतिज्ञापत्रावर आरोपाची भिस्त होती त्याची उलटतपासणी त्यांना मिळाली नाही. त्या दोषी होत्या की नव्हत्या, हा येथे मुद्दा नाही. दोषी माणसाचीही उलटतपासणीची मागणी रास्त असते.

आणि आपल्या परंपरेत अशी संधी देणे नवे नाही, म्हणून खंत अधिक वाटते. १९५१ मध्ये मुंबईचे एच. जी. मुदगल यांच्यावर मुंबईच्या सराफ बाजारातील संघटनेकडून पैसे घेऊन तिच्या हिताचे प्रश्न विचारल्याचा आरोप होता. पंतप्रधान नेहरूंनी स्वतः आपल्याच पक्षाच्या या सदस्याविरुद्ध समितीचा ठराव मांडला, आणि टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या अध्यक्षतेखालील त्या समितीपुढे मुदगल यांना वकील देता आला आणि साक्षीदारांची उलटतपासणीही घेता आली. दोष सिद्ध झाल्यावर त्यांनी राजीनामा दिला, तरी ते हकालपट्टीलाच पात्र होते असे सभागृहाने ठरावात नोंदवले. समिती तेव्हाही खासदारांचीच होती.

शिक्षेच्या बाबतीत मात्र मला ब्रिटनची रचना निःसंशय सरस वाटते. तेथे २०१५ च्या कायद्यानुसार १० बैठकांचे किंवा त्याहून मोठे निलंबन झाले तर त्या मतदारसंघात सहा आठवडे सह्यांसाठी अर्ज खुला राहतो, आणि १० टक्के मतदारांनी सही केल्यास जागा रिकामी होऊन पोटनिवडणूक होते. खासदाराला घरी पाठवायचे की नाही, हे शेवटी मतदार ठरवतात. कृष्णनगरच्या मतदारांना हा अधिकार नव्हता. लोकसभेची मुदत वर्षाहून कमी उरल्याने पोटनिवडणूकही झाली नाही, आणि २०२४ मध्ये त्यांनी मोईत्रा यांनाच पुन्हा निवडून दिले.

तेव्हा निवेदनात केवळ 'स्वतंत्र आयुक्त नेमा' एवढेच असेल तर मी ते अपुरे समजेन, पण सही टाळणार नाही. मागण्यांचा क्रम मात्र मी बदलून घेईन: अहवाल पटलावर आल्यापासून मतदानापर्यंत किमान सात दिवस, आरोपी सदस्याला उलटतपासणीचा आणि सभागृहात बोलण्याचा हक्क, लोकसभेत हितसंबंधांची जाहीर नोंदवही, आणि त्यानंतर आयुक्त. पहिल्या तीन गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही. घटनेच्या अनुच्छेद ११८ प्रमाणे सभागृह आपल्या कामकाजाचे नियम स्वतः करू शकते, त्यामुळे तुमच्या खासदाराकडे नियमदुरुस्तीची सूचना देण्याचा आग्रह आजही धरता येतो. मतदारांच्या हाती सह्यांचा अधिकार देण्यासाठी मात्र संसदेला कायदाच करावा लागेल, म्हणून ती मागणी वेगळ्या पत्रात लिहिणे बरे.