हमर ईव्ही: खेकडाचालीपेक्षा तिचं वळणं भारी

नवऱ्याच्या मित्राने जीएमसीची हमर ईव्ही पिकअप घेतलीय. शनिवार-रविवार ती आमच्याकडे होती, इथे मिशिगनमध्ये, नोव्हायला. गाडी बनतेही जवळच, डेट्रॉइटच्या फॅक्टरी झीरोत. गावाकडून व्हिडिओ कॉलवर सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: "खेकड्यासारखी चालते का गं?"

चालते. क्रॅबवॉक लावला की हळू वेगात मागची चाकं पुढच्यांच्याच दिशेने वळतात आणि चार टनांहून जड गाडी तोंड सरळ ठेवून तिरकी सरकते. पण ती आडवी जाते असं समजू नका. मागची चाकं फार तर 10 अंश वळतात. म्हणजे मीटरभर पुढे गेलात तर जेमतेम 17 सेंटिमीटर बाजूला. दोन गाड्यांच्या फटीत शिरायला काही उपयोग नाही. दगडधोंड्यांच्या वाटेवर होईल.

मला आवडलं ते उलटं वळणं. एरवी हळू चालवताना मागची चाकं पुढच्यांच्या विरुद्ध दिशेला वळतात. साडेपाच मीटर लांबीची गाडी सुमारे 11.3 मीटरच्या वर्तुळात फिरते! आमच्या रस्त्याच्या टोकाला मी रिव्हर्स न घेता एका दमात वळवली आणि आमचं सांगलीचं शेत डोळ्यांसमोर आलं. सरी संपली की अण्णा ट्रॅक्टरच्या दोन ब्रेकपैकी आतल्या बाजूचा एकच दाबायचे. मागचं ते चाक अडायचं आणि बांधाला न लागता ट्रॅक्टर गर्रकन वळायचा. अण्णांना ही गाडी एकदा चालवायला द्यायला हवी होती.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. अशी वळताना गाडीचं शेपूट बाहेर जातं. मी मुद्दाम उजवीकडे, मागच्या दारापासून वीतभर अंतरावर रिकामी बादली ठेवली आणि स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवून निघाले. बादली आडवी. तिथे शेजाऱ्याची गाडी असती तर? म्हणून पार्किंगमधून निघताना आधी गाडी सरळ बाहेर काढा, मग वळवा.

हायवेवर मागची चाकं पुढच्यांबरोबर किंचित वळतात, लेन बदलताना गाडी डुलत नाही.

घ्यायचा विचार असेल तर शोरूमवाल्याला खेकडाचाल दाखवायला सांगू नका. अरुंद रस्त्यावर स्वतः यू-टर्न मारून बघा.